आधी तापमान मोजा, मग ऑइल कूलर बसवा

गाडीला बाहेरून ऑइल कूलर बसवायचा बेत असेल, तर खरेदीआधी एक काम करा: इंजिन ऑइलचं तापमान मोजा. डॅशबोर्डवरचा काटा कूलंटचं तापमान दाखवतो, ऑइलचं नाही. इंजिनावर लोड आला की ऑइल कूलंटपेक्षा दहा-वीस अंशांनी, कधी त्याहूनही जास्त तापतं, आणि ते त्या काट्यावर कळत नाही. गॅरेजात येऊन पोरं म्हणतात, "काका, कूलर टाकायचाय." मी विचारतो, ऑइल किती तापतंय? उत्तर नसतं. कुणीतरी टाकला म्हणून टाकायचा, जाळीतून दिसतो म्हणून टाकायचा. माझी कळकळीची विनंती आहे की असं करू नका. या कामात इंजिनाच्या मुख्य ऑइलवाटेला हात घालावा लागतो, आणि त्या वाटेत चूक झाली तर इंजिन जायला काही सेकंद पुरतात.

आपल्याकडे बऱ्याच जणांनी ऑइल कूलर पहिल्यांदा पाहिला तो २००७ च्या पल्सर २२० वर. त्या इंजिनाला पाण्याचा रेडिएटर नव्हता, गार करायला वारा आणि ऑइल एवढंच होतं, त्यामुळे कूलर तिथे गरजेचाच होता. मोटारीचं इंजिन पाण्यावर गार होतं. शिवाय अनेक गाड्यांत कंपनीनेच ऑइल फिल्टरच्या घरापाशी छोटा उष्णता-बदलक दिलेला असतो, ज्यात एका बाजूने कूलंट जातं आणि दुसऱ्या बाजूने ऑइल. फियाटचं १.३ मल्टिजेट डिझेल इंजिन आपल्याकडे स्विफ्टपासून पुंटोपर्यंत कितीतरी गाड्यांत आलं, त्यात हा आहे. त्याचा दुहेरी फायदा असा की सकाळी थंड ऑइल लवकर गरम होतं आणि घाटात तापलेलं ऑइल आवरलं जातं. तुमच्या गाडीत तो आधीच असेल तर बाहेरच्या कूलरची गरज बहुतेक वेळा नसते. आधी बोनेट उघडून, नाहीतर सर्व्हिस मॅन्युअल पाहून खात्री करा.

आता आकडे. रोजच्या वापरात चेंबरमधलं ऑइल ९० ते ११० अंश सेल्सिअसच्या आसपास असावं. आंबोली किंवा खंबाटकी चढताना, मे महिन्यात, एसी लावून आणि पाच माणसं बसवून ते थोडा वेळ १२० वर गेलं, तरी चांगल्या सिंथेटिक ऑइलला त्याने काही होत नाही. पण १३० च्या वर जाऊन तिथेच टिकत असेल, तर मात्र उपाय हवा. ऑइलचं तापमान दर दहा अंशांनी वाढलं की ते खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ हिशोब तेलवाले मांडतात. त्यातून ऑइल पातळ होतं, बेअरिंगमधला थर विरतो आणि टर्बोच्या दांड्यावर कोळसा साचतो.

उलट बाजूही तितकीच खरी आहे, आणि ती कुणी सांगत नाही. ऑइल फार गार राहिलं तरी इंजिन खराब होतं. १५डब्ल्यू-४० घ्या. १०० अंशांना त्याचा चिकटपणा १४ सेंटिस्टोकच्या आसपास असतो, आणि ४० अंशांना तोच शंभराच्या वर जातो. म्हणजे थंड ऑइल कित्येक पट घट्ट. शिवाय इंजिनात जळणाबरोबर पाण्याची वाफ होते, थोडं कच्चं इंधन रिंगांमधून खाली उतरतं, आणि हे दोन्ही उडून जायला ऑइल नीट तापावं लागतं. पावसाळ्यात ऑफिसला चार किलोमीटर जाऊन परत येणाऱ्या गाडीचं ऑइलचं झाकण उघडून पाहा. आतल्या बाजूला पिवळट पांढरा साका दिसतो. अशा गाडीला वर आणखी कूलर लावला, तर ऑइल कधी तापणारच नाही.

म्हणून मोजा. काही गाड्यांत ओबीडी सॉकेटला स्कॅनर लावून ऑइलचं तापमान वाचता येतं, पुष्कळ गाड्यांत येत नाही. तिथे चेंबरच्या ड्रेन बोल्टच्या जागी सेन्सर असलेला बोल्ट लावून वेगळं मीटर जोडावं. उन्हाळ्याच्या दुपारी, भरल्या गाडीने, रोजच्या घाटात चालवून पाहा. चेंबरवर बाहेरून तापमानाची बंदूक धरली तर आकडा कमी येतो, त्यावर विसंबू नका.

आकडा जास्त आला तरी लगेच कूलरकडे धाव घेऊ नका. ऑइलची पातळी पट्टीवर बघा, कमी ऑइल जास्त तापतं. ग्रेड कंपनीने सांगितलेलीच आहे का? कूलंटच्या जागी नळाचं पाणी तर भरलेलं नाही ना? रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरमधली फट नीट बघा. उसाच्या हंगामात कोल्हापूर-सांगलीकडे फिरणाऱ्या गाड्यांत तिथे पाचटाचा चुरा, किडे आणि माती यांचा थर बसलेला असतो. तो थर निघाला की कितीतरी गाड्या तिथेच सुधारतात. जाळीपुढे जादा दिवे लावून हवा अडवली असेल तर ते आधी काढा.

एवढं करूनही ऑइल तापत असेल, तर कूलर बसवा, आणि बिनधास्त बसवा. रॅली किंवा ऑटोक्रॉसला उतरणारी गाडी, ट्रॅकवर सलग फेऱ्या मारणारी गाडी, रिमॅप करून ताकद वाढवलेली टर्बो गाडी, ट्रेलर ओढणारी जीप, आणि इंजिन बदललेली जुनी सीजे किंवा एमएम-५४० या त्या गाड्या. (इंजिन बदललं असेल तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद हवीच, ते टाळू नका.) आता काम कसं करून घ्यायचं ते सांगतो.

साधी रचना अशी असते. इंजिनावरचा फिल्टर काढायचा, त्या जागी सँडविच प्लेट नावाची चकती बसवायची आणि फिल्टर तिच्यावर परत लावायचा. प्लेटला दोन तोंडं असतात. एकातून ऑइल कूलरकडे जातं, दुसऱ्यातून परत येतं, मग फिल्टरमधून गाळून इंजिनात शिरतं. कूलरमधून काही कचरा आला तरी तो फिल्टर पकडतो, म्हणून ही रचना मला आवडते. फिल्टरच दुसरीकडे न्यायचा असेल तर इंजिनावर नुसता अडॅप्टर येतो, आणि फिल्टरचं डोकं बोनेटखाली सोयीच्या जागी लागतं. दुसरं इंजिन बसवलेल्या जीपमध्ये फिल्टर अॅक्सलला किंवा स्टिअरिंगच्या दांड्याला अडतो, तिथे हे करावंच लागतं. पण फिल्टर बदलायला हात सहज पोचावा, एवढ्यासाठी हे करू नका. दोन होज आणि चार जोड वाढतात, आणि प्रत्येक जोड ही गळतीची एक जागा असते.

प्लेट घेताना थर्मोस्टॅट असलेलीच घ्या, यात तडजोड नाही. तो साधारण ८० अंशांना उघडायला लागतो. तोवर जवळजवळ सगळं ऑइल कूलरकडे न जाता सरळ इंजिनात जातं, आणि अगदी थोडं कूलरमधून फिरत राहतं, म्हणजे कूलर रिकामा राहत नाही. थर्मोस्टॅट नसलेली प्लेट स्वस्त पडते, पण महाबळेश्वरच्या डिसेंबरातल्या सकाळी तीच प्लेट तुमचं इंजिन अर्धा तास थंड ठेवते.

मग आटे. फिल्टरच्या बोल्टचे आटे बहुतेक गाड्यांत एम-२० बाय १.५ किंवा पाऊण इंच-१६ यूएनएफ असतात, काहींत एम-१८ असतात. पहिल्या दोघांचे व्यास २० मिमी आणि १९.०५ मिमी, फरक एक मिलिमीटरपेक्षाही कमी. पाऊण इंचाच्या बोल्टवर एम-२० चा फिल्टर हाताने दोन-तीन आटे चढतो आणि मग डगडगायला लागतो. काही जण तिथे जोर लावून तो बसवून टाकतात. थंड इंजिन सुरू होताना ऑइलचा दाब सहा-सात बारपर्यंत चढतो, आणि तेव्हा तो फिल्टर उडतो. व्हर्नियर आणि थ्रेड गेज ही फार महागडी हत्यारं नाहीत. आटे मोजल्याशिवाय प्लेट मागवू नका.

फिल्टर काढल्यावर इंजिनाच्या त्या सपाट तोंडावरून एकदा बोट फिरवा. जुन्या फिल्टरचं रबर कधी कधी तिथेच चिकटून राहतं, रंगही काळाच असतो, त्यामुळे डोळ्याला दिसत नाही. त्यावर नवी प्लेट बसली की दोन रबरं एकावर एक येतात. चालू करताना गळत नाही, पण हायवेवर दाबाने वरचं रबर सटकतं. तोंड कापडाने कोरडं पुसा, नव्या ओ-रिंगला ऑइलचं बोट लावा आणि मधला बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा, प्लेटच्या कागदावर लिहिलेल्या टॉर्कला. फिल्टर मात्र हातानेच लावा. रबर टेकलं की वर पाऊण फेरा, बस्स. प्लेटमुळे फिल्टर इंचभर तरी खाली किंवा बाहेर येतो, तो एक्झॉस्टला किंवा ड्राइव्ह शाफ्टला लागत नाही ना, हेही बघा.

सगळ्यात जास्त इंजिनं जातात ती होजपायी. आमच्याकडे एकदा एका तरुणाची हॅचबॅक दोरीने ओढत आणली. दुसऱ्या एका गॅरेजात कूलर बसवला होता, दिसायला झकास. होज रेडिएटरचा होता, वर साध्या क्लिपा आवळलेल्या. रेडिएटरच्या होजचं ईपीडीएम रबर पाण्यासाठी असतं, ते ऑइलमध्ये फुगतं आणि मऊ पडतं. बोटाने दाबलं तर खोबऱ्याच्या वडीसारखं दबत होतं. क्लिपेतून होज निसटला, पंपाने चेंबरमधलं ऑइल रस्त्यावर ओतलं, आणि लाल दिवा लागल्यावरही तो पोरगा "पुढच्या पंपापर्यंत" चालवत राहिला. क्रँक निळा पडला होता, बेअरिंगचे पत्रे एकावर एक चढले होते. कूलरच्या पैशांत बचत झाली, आणि इंजिनाला कितीतरी पट खर्च आला.

तेव्हा होज ऑइलसाठी बनवलेला हवा आणि टोकं मशीनवर दाबून बसवलेली हवीत. एमआयडीसीत, भोसरीला, अंबडला, शिरोलीला, हायड्रॉलिक होज बनवून देणारी दुकानं आहेत, आणि ती काम चोख करतात. पण त्यांना नुसतं "ऑइलचा होज द्या" म्हणू नका. तारेच्या जाळीचा नेहमीचा १००आर१ होज दाबाला भरपूर असतो, पण तापमानाची त्याची मर्यादा सहसा १०० अंशांची असते. तुमचं ऑइल त्याहून जास्त तापतं म्हणून तर तुम्ही कूलर लावताय. जास्त तापमानाचा होज मागा, आणि त्यावर छापलेला आकडा स्वतः वाचा. आतला व्यास साधारण १४ मिमी, म्हणजे एएन-१० माप, बहुतेक मोटारींना योग्य. त्याहून बारीक घेतला तर दाब पडतो. एएन आणि जेआयसी जोडांच्या तोंडाचा उतार ३७ अंशांचा असतो, बीएसपीचा ३० अंशांचा. या दोघांची जोडी लावू नका, आवळून ते कधीच बसत नाहीत. अशा उताराच्या जोडांवर टेफ्लॉन टेपही गुंडाळू नका. तिथे सील धातूवर धातू टेकून होतं, आणि टेपचा तुकडा सुटला तर तो ऑइलच्या बारीक वाटेत जाऊन बसतो. आवळताना दोन पाने वापरा, एक धरायला, एक फिरवायला. कूलरचं तोंड ॲल्युमिनियमचं असतं, एका पान्याने पिळलं तर नळी मुळातून तडकते.

होज नेताना एक्झॉस्टपासून लांब ठेवा. ऑइलचा फवारा तापलेल्या मॅनिफोल्डवर किंवा टर्बोवर पडला तर आग लागते. इंजिन त्याच्या रबरी माउंटिंगवर हलतं, रेस दिली की एका बाजूला कलतं, म्हणून होजला थोडी सैल द्या. स्टीलची जाळी असलेला होज दिसायला सुंदर, पण तो करवतीसारखा घासतो. वायरिंग, ब्रेकची नळी, बॉडीचा पत्रा, जिथे टेकेल तिथे कापतो. पत्र्यातून जाताना रबरी ग्रोमेट लावा, बाकी ठिकाणी वर म्यान चढवा. स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून चाक होजला लागत नाही ना, हे गाडी खाली उतरवल्यावर पुन्हा पाहा. जॅकवर असताना सस्पेन्शन लटकलेलं असतं, तेव्हा सगळं ठीकच दिसतं.

कूलर रेडिएटरपुढे लावतात, तिथे हवा मिळते. पण तो रेडिएटरची हवा अडवतो आणि त्याला गरम हवा देतो, म्हणून गरजेपेक्षा मोठा घेऊ नका. दीड लिटरच्या आसपासच्या गाडीला १३ पट्ट्यांचा कूलर सहसा पुरतो. रबरी बुशवर बसवा, तोंडं वरच्या किंवा बाजूच्या दिशेला ठेवा म्हणजे आत हवा अडकत नाही, आणि खडीच्या रस्त्याला जात असाल तर पुढे जाळी लावा. भंगारातला कूलर मात्र घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाला तरी. ज्या इंजिनाचं बेअरिंग गेलं त्याच्या कूलरमध्ये धातूचा चुरा अडकलेला असतो, आणि तो कितीही धुतला तरी पूर्ण निघत नाही.

फिल्टर लांब नेला असेल तर आत आणि बाहेर या दोन होजची अदलाबदल होऊ देऊ नका. फिल्टरच्या तोंडाशी रबराचा पडदा असतो, इंजिन बंद असताना ऑइल मागे उतरू नये म्हणून. उलट्या बाजूने ऑइल आलं की तोच पडदा वाट बंद करतो. अडॅप्टरवर खुणा असतात, त्या बघून होजवर रंगाचा ठिपका द्या. इंजिनाच्या मूळ फिल्टरच्या घरात बायपास व्हॉल्व्ह होता आणि ते घर काढलं, तर नव्या फिल्टरमध्ये तो असायलाच हवा.

सगळं जोडलं म्हणजे लगेच चावी फिरवू नका. कूलर आणि फिल्टर हाताने ऑइलने भरा. फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, म्हणजे इंजिन पेटणार नाही, आणि स्टार्टर दहा-दहा सेकंद, मध्ये थांबत, ऑइलचा दिवा विझेपर्यंत फिरवा. मग फ्यूज लावून सुरू करा, रेस देऊ नका. पाच सेकंदांत दिवा विझला नाही तर बंद करा आणि कारण शोधा. एक माणूस बॅटरी घेऊन जोडांकडे बघत उभा असू द्या. गाडी तापेपर्यंत चालवा, बंद करा, दहा मिनिटांनी पट्टी बघा. कूलर आणि होजमध्ये अर्धा ते एक लिटर ऑइल जास्त मावतं, तेवढं वरून घालावं लागेल. शंभर किलोमीटरनंतर प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू पेपर फिरवा. पाच-सहा वर्षांनी होज बदला, वरून नवा दिसत असला तरी.

आणि रस्त्यात कधी ऑइलचा लाल दिवा लागला, तर इंडिकेटर देऊन गाडी कडेला घ्या आणि तिथेच इंजिन बंद करा. घाटात असाल तर आधी सुरक्षित जागा गाठा, कारण इंजिन बंद झाल्यावर ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात. पण "अजून दोन किलोमीटर" हा विचार मनात आणू नका. ऑइल सांडून इंजिन जाम झालं तर साधी विमा पॉलिसी बहुतेक वेळा ते नुकसान भरत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कलम लागतं. गाडी वॉरंटीत असेल तर कूलर बसवण्याआधी डीलरला लेखी विचारा.

गॅरेजवाल्या भावांनाही एक सांगणं आहे. गिऱ्हाईक घाईत असतं, स्वस्त मागतं, आणि आपण नाही म्हटलं तर शेजारी जातं, हे मलाही रोज भोगावं लागतं. तरी क्लिपांवर होज लावून देऊ नका. काढलेलं जुनं ऑइल नाल्यात किंवा मातीत ओतू नका, डब्यात साठवून परवानाधारक पुनर्वापरवाल्याला द्या. आणि काम झाल्यावर बोनेटच्या आतल्या बाजूला एक स्टिकर लावा: कूलरसकट एकूण ऑइल किती लिटर, कुठल्या ग्रेडचं, फिल्टरचा नंबर काय, होज कुठल्या महिन्यात बसवला. ती गाडी उद्या दुसऱ्या गावात, दुसऱ्या मेकॅनिकच्या हातात, कदाचित दुसऱ्या मालकाकडे जाईल, आणि मॅन्युअल बघून तो त्यात लिटरभर ऑइल कमी भरेल.